साडेसतरा लाखांचा बॉम्ब

24 ऑक्टोबर 1964 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या स्थापनादिनानिमित्त, आकाशवाणीवरून डॉ. होमी भाभांचे भाषण प्रसारित झाले. विषय निःशस्त्रीकरणाचा होता. आठच दिवसांपूर्वी, 16 ऑक्टोबरला, चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला होता. 1962 चा पराभव ताजा होता, नेहरूंना जाऊन पाच महिने झाले होते, आणि आपणही बॉम्ब करायचा का, हा प्रश्न दिल्लीपासून तालुक्याच्या चावडीपर्यंत चर्चेत होता. भाभांनी या भाषणात थेट आकडेच दिले. अमेरिकेत शांततेच्या कामासाठी वापरायच्या अणुस्फोटकांचे जे दर जाहीर झाले होते, त्यांवरून त्यांनी हिशेब मांडला होता. दहा किलोटनांचा एक बॉम्ब साडेसतरा लाख रुपयांत. दोन मेगाटनांचा हायड्रोजन बॉम्ब तीस लाखांत. पन्नास अणुबॉम्बांचा साठा दहा कोटींच्या आत, आणि पन्नास हायड्रोजन बॉम्बांचा पंधरा कोटींच्या आसपास.

त्या काळी देशाचा संरक्षण खर्च वर्षाला आठशे कोटींच्या वर गेला होता. त्यापुढे दहा कोटी म्हणजे काहीच नव्हते. भाषणाचा रोख निःशस्त्रीकरणाकडे होता, पण लोकांनी उचलला तो हा आकडा. संसदेत बॉम्बची मागणी करणाऱ्यांच्या हातात आयतेच कोलीत आले: देशातला सर्वांत मोठा अणुशास्त्रज्ञच सांगतो की बॉम्ब स्वस्त आहे, मग अडचण कसली?

भाभांनी जे मोजले ते त्या दरांप्रमाणे बरोबर मोजले होते. पण ज्या कारखान्यांतून बॉम्बचा माल निघतो ते कारखाने, बॉम्ब वाहून नेणारी विमाने आणि क्षेपणास्त्रे, आणि मागे उरणारा विषारी कचरा, यांपैकी काहीही त्या साडेसतरा लाखांत नव्हते. वीज, शस्त्र आणि सफाई ही सरकारी खर्चाची तीन वेगळी खाती आहेत. भारतात पहिली दोन सुरुवातीपासून एकाच थैलीत राहिली आणि तिसऱ्याला स्वतःचे पानच मिळाले नाही. पुढची साठ वर्षे या मांडणीचे परिणाम भोगण्यात गेली.

ही थैली शिवली गेली ती 1948 मध्ये. 6 एप्रिलला संविधान सभेसमोर, म्हणजे त्या वेळच्या कायदेमंडळासमोर, अणुऊर्जा विधेयक आले. म्हैसूरचे सदस्य एस. व्ही. कृष्णमूर्ती राव यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. ब्रिटन आणि अमेरिकेच्या कायद्यांशी तुलना करून त्यांनी विचारले की संरक्षणाशी संबंधित संशोधनाला गुप्तता समजू शकते, पण शांततेच्या कामालाही एवढी गुप्तता कशासाठी? नेहरूंनी उत्तर दिले की या दोहोंत फरक कसा करावा हे आपल्याला कळत नाही. हे उत्तर प्रामाणिक होते. अडचण इतकीच की ज्या कामांत फरक करता येत नाही, त्यांच्या खर्चातही फरक करता येत नाही. त्याच वर्षी 10 ऑगस्टला अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. 1954 मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग आला. तो थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत, त्याचे सचिव स्वतः भाभा आणि मुख्यालय दिल्लीपासून दूर मुंबईत. इतर खात्यांची मागणी अर्थ खात्याच्या चाळणीतून जशी जाते, तशी या खात्याची कधी गेली नाही. 1962 च्या नव्या अणुऊर्जा कायद्याने तर माहिती रोखण्याचे अधिकार आणखी पक्के केले.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावर, ट्रॉम्बेच्या टेकडीखाली, कामाचा वेग मात्र थक्क करणारा होता. 4 ऑगस्ट 1956 रोजी ‘अप्सरा’ ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी सुरू झाली. 1960 मध्ये कॅनडाच्या मदतीने आणि अमेरिकेकडून आलेल्या जड पाण्यावर 40 मेगावॅटची ‘सायरस’ धगधगू लागली. या भट्टीतून वीज निघत नव्हती. ती संशोधनासाठी होती, आणि तिच्यात जळून बाहेर पडणाऱ्या युरेनियमच्या कांड्यांमध्ये प्लुटोनियम तयार होत होते.

हे प्लुटोनियम वेगळे कसे काढतात ते थोडे जवळून पाहायला हवे, कारण सफाईच्या खर्चाचे मूळ तिथेच आहे. भट्टीतून काढलेल्या कांड्या आधी महिनोन्‌महिने खोल पाण्याच्या हौदात थंड कराव्या लागतात. मग त्या जाडजूड काँक्रीटच्या भिंतींआड नायट्रिक आम्लात विरघळवतात. आत माणूस जाऊ शकत नाही, सगळे काम बाहेरून. त्या द्रावात केरोसीनसारख्या तेलात मिसळलेले एक रसायन घुसळले की युरेनियम आणि प्लुटोनियम तेलाबरोबर वर येतात आणि बाकीचे सगळे आम्लात खाली राहते. सायरसमधल्या एक टन युरेनियमातून जेमतेम किलोभर प्लुटोनियम हाती लागते. खाली राहिलेले आम्ल अत्यंत किरणोत्सर्गी असते. ते ओतून देता येत नाही, जाळता येत नाही. टाक्यांमध्ये भरून शेकडो वर्षे त्याच्यावर पहारा ठेवावा लागतो, किंवा काचेत गोठवून खोल ठेवावे लागते. ट्रॉम्बेचा हा कारखाना भारतीय अभियंत्यांनी स्वतः उभारला, 1964 मध्ये तो चालू झाला आणि जानेवारी 1965 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याचे रीतसर उद्घाटन झाले. भाभांनी आकाशवाणीवर आकडे सांगितले तेव्हा हा कारखाना आणि सायरस दोन्ही उभे होते. त्यांचा खर्च वीज आणि संशोधन या नावाखाली आधीच होऊन गेला होता, म्हणून बॉम्ब इतका स्वस्त दिसत होता.

शास्त्रींना हा आकडा पटला नाही. नोव्हेंबरमध्ये गुंटूरला भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीत त्यांच्याच पक्षातून बॉम्बच्या बाजूने आवाज उठला. शास्त्रींनी नैतिक मुद्दा मांडलाच, पण खर्चाचाही मांडला: एका बॉम्बने भागत नाही, एक केला की साठा लागतो. संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण. 1962 नंतर सैन्याची नवी उभारणी त्यांच्याकडे होती आणि डोंगरी डिव्हिजन, विमाने, दारूगोळा हाच त्यांच्यापुढचा पहिला हिशेब होता. त्याच लाटेत विदर्भात अंबाझरी, भद्रावती आणि भंडाऱ्याजवळ जवाहरनगर इथे आयुध निर्माणी आल्या. भंडारा जिल्ह्याच्या तुमसर-सिहोरा भागातल्या माणसाला सरकारचा संरक्षण खर्च पहिल्यांदा डोळ्यांनी दिसला तो या जवाहरनगरात. अखेर 27 नोव्हेंबर 1964 रोजी शास्त्रींनी लोकसभेत मधला मार्ग काढला. बॉम्ब नाही, पण बोगदे खणणे, डोंगर फोडणे अशा शांततेच्या कामासाठी अणुस्फोटाचा अभ्यास चालू राहील. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर हा निर्णय फार मोठा होता. शस्त्राचा खर्च अणुऊर्जेच्याच थैलीत राहील, हे त्या दिवशी पक्के झाले.

पुढची दोन वर्षे भीषण गेली. 1965 चे युद्ध, लागोपाठ दोन दुष्काळ, अमेरिकेच्या पीएल-480 च्या गव्हावर जगणारा देश, आणि 6 जून 1966 चे अवमूल्यन, ज्यात डॉलर पावणेपाच रुपयांवरून थेट साडेसातवर गेला. पंचवार्षिक योजनासुद्धा तीन वर्षे गुंडाळून ठेवावी लागली. 11 जानेवारी 1966 रोजी ताश्कंदला शास्त्री गेले आणि 24 जानेवारीला माँ ब्लाँवर विमान कोसळून भाभा गेले.

भाभांच्या जागी आलेले डॉ. विक्रम साराभाई अहमदाबादच्या कापड गिरणीवाल्या घरातले. पत्रकारांनी त्यांनाही बॉम्बची किंमत विचारली. त्यांनी कापडाचेच उदाहरण दिले: माग तयार असेल तर दोन वार कापडाची किंमत सांगता येते, पण त्या दोन वारांसाठी मागच उभारायचा असेल तर किंमत अगदी वेगळी. संरक्षण म्हणजे एक स्फोट करून दाखवणे नव्हे, त्यामागे सगळी यंत्रणा लागते, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या मते भारतीय अणुकार्यक्रमाच्या खर्चाबद्दल कोणी बोललेले हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी ऐकले गेलेलेही. 

पुढे 1998 मध्ये अमेरिकेच्या ब्रुकिंग्ज संस्थेने अमेरिकेचा 1940 ते 1996 या काळातला अण्वस्त्रांचा सगळा खर्च काढला. तो सुमारे साडेपाच लाख कोटी डॉलर भरला. त्यात प्रत्यक्ष बॉम्ब बनवण्याचा वाटा होता साधारण सात टक्के. निम्म्याहून जास्त पैसा बॉम्ब वाहून नेणारी विमाने, क्षेपणास्त्रे आणि पाणबुड्या यांवर गेला होता. भाभांनी सांगितलेली किंमत या सात टक्क्यांतली होती.

साराभाईंच्याच काळात, ऑक्टोबर 1969 मध्ये, तारापूर सुरू झाले. अमेरिकेच्या 8 कोटी डॉलरच्या कर्जावर, जेमतेम पाऊण टक्का व्याजाने, जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या. महाराष्ट्रात अणुवीज आली ती अशी. स्वप्ने त्याहून कितीतरी मोठी होती. भाभांनी 1987 पर्यंत वीस-पंचवीस हजार मेगावॅटचा अंदाज दिला होता. साराभाईंच्या 1970 च्या आराखड्यात 2000 सालापर्यंत 43,500 मेगावॅट होते.

डिसेंबर 1971 मध्ये साराभाई गेले. 18 मे 1974 रोजी पोखरणच्या वाळवंटात जमिनीखाली स्फोट झाला. त्यातले प्लुटोनियम सायरसचे आणि ट्रॉम्बेच्या त्याच कारखान्यात वेगळे काढलेले. ते दिवस डोळ्यांपुढे आणले पाहिजेत. 8 मेपासून देशभर रेल्वेचा संप चालू होता, हजारो कामगार तुरुंगात होते, महाराष्ट्र 1972 च्या दुष्काळातून नुकता सावरत होता आणि तेलाचे भाव भडकले होते. अशा वेळी सरकारला खर्च सांगणे भाग होते. अणुऊर्जा आयोगाने तो सांगितला 32 लाख रुपये. इंदिरा गांधींनीही संसदेत याच अर्थाचे सांगितले की यासाठी वेगळा असा खर्च झालेला नाही. दहा वर्षांपूर्वीचीच हिशेबाची पद्धत पुन्हा वापरली गेली: माग फुकट, फक्त कापड मोजायचे.

पण या वेळी उरलेली किंमत लगेच वसूल झाली, आणि ती वीज खात्याकडून झाली. कॅनडाने तात्काळ सहकार्य थांबवले. राजस्थानातील रावतभाट्याची पहिली भट्टी 1973 मध्ये चालू झाली होती, तिची जुळी 1981 पर्यंत रखडली. प्रगत देशांनी एकत्र येऊन अणुसामग्रीच्या पुरवठ्यावर निर्बंध घातले. अमेरिकेने 1978 मध्ये कायदा करून तारापूरच्या इंधनावर अटी लादल्या. 1982 पासून फ्रान्सकडून इंधन घेऊन तारापूर कसेबसे चालू ठेवावे लागले. आपल्या अभियंत्यांनी जड पाण्यापासून पंपांपर्यंत सगळे देशात बनवायला घेतले आणि ते करून दाखवले, याबद्दल त्यांना सलाम करावा तितका थोडा. तरी परिणाम स्पष्ट आहे. 1980 मध्ये देशाची अणुवीज क्षमता साधारण 600 मेगावॅट होती. 2000 साली, 43,500 च्या जागी, ती तीन हजारांच्याही आत होती. आज सिहोऱ्याहून वैनगंगा ओलांडली की लागणारे तिरोड्याचे एकटे औष्णिक केंद्र 3,300 मेगावॅटचे आहे. अर्ध्या शतकाच्या अणुकार्यक्रमाने 2000 सालापर्यंत देशाला दिलेली सगळी क्षमता या एका केंद्रापेक्षा कमी भरते. निर्बंध सैल झाले ते सप्टेंबर 2008 मध्ये, भारत-अमेरिका अणुकरारामुळे. तोवर 34 वर्षे गेली होती. या काळात जी वीज अणुभट्टीतून यायची होती, तिची जागा बहुतेक कोळशाने भरली. 32 लाखांच्या स्फोटाचा खरा हिशेब इथे लावावा लागतो.

आता तिसरे खाते. जगात या खात्याचा आकडा सर्वांत उघडपणे दिसतो तो अमेरिकेत. 1977 मध्ये कार्टर यांच्या काळात तिथे ऊर्जा विभाग स्थापन झाला आणि वीज, अण्वस्त्रे व पुढे अणुकचऱ्याची सफाई ही तिन्ही कामे एकाच छताखाली आली. 2024 च्या आर्थिक वर्षात या विभागाचा खर्च सुमारे 50 अब्ज डॉलर होता. त्यातले सुमारे 24 अब्ज अण्वस्त्रे सांभाळणाऱ्या यंत्रणेला आणि साधारण साडेआठ अब्ज जुन्या अणुस्थळांच्या सफाईला गेले. म्हणजे नाव ऊर्जेचे आणि निम्म्याहून जास्त पैसा बॉम्ब व बॉम्बच्या घाणीवर.

या घाणीचे सर्वांत मोठे ठिकाण वॉशिंग्टन राज्यातील हॅनफोर्ड. नागासाकीच्या बॉम्बचे प्लुटोनियम तिथले. कोलंबिया नदीकाठी 177 भूमिगत टाक्यांमध्ये सुमारे 21 कोटी लिटर किरणोत्सर्गी द्राव साचलेला आहे आणि कित्येक टाक्या गळल्या आहेत. तिथली शेवटची भट्टी 1987 मध्ये बंद झाली. द्राव काचेत गोठवण्याच्या कारखान्याचे बांधकाम 2002 मध्ये सुरू झाले आणि प्रत्यक्ष काच बनायला 2025 साल उजाडले. शस्त्र बनवायला दोन वर्षे लागली होती, साफ करायला शतक पुरेल की नाही याची शाश्वती नाही.

ट्रॉम्बे हे हॅनफोर्ड नव्हे, आणि तसे म्हणणे अन्यायाचे होईल. आपले प्रमाण फार लहान आहे. किरणोत्सर्गी कचरा काचेत गोठवण्याचे तंत्र आपल्याकडे लवकर आले आणि तारापूरला असा कारखाना ऐंशीच्या दशकातच उभा राहिला. सत्तरीच्या दशकात ट्रॉम्बेचा तो पहिला प्लुटोनियम कारखाना बंद करावा लागला, आतले किरणोत्सर्गी दूषण काढून, यंत्रे बदलून ऐंशीच्या दशकात तो पुन्हा सुरू झाला. आपल्या माणसांनी हे अवघड काम निभावले. पण पोखरणच्या 32 लाखांत या सफाईचा एक पैसाही धरलेला नव्हता. सायरस 31 डिसेंबर 2010 ला कायमची बंद झाली. तिने पन्नास वर्षांत मागे काय ठेवले आणि ते सांभाळायला वर्षाला किती लागतात, हे सामान्य माणसाला अर्थसंकल्पाच्या कागदांत शोधून सापडत नाही.

वीज देणाऱ्या भट्ट्यांसाठी मात्र एक तरतूद आहे. अणुविजेच्या प्रत्येक युनिटमागे दोन पैसे भट्टी मोडीत काढण्याच्या निधीसाठी घेतले जातात. 220 मेगावॅटची भट्टी ऐंशी टक्के क्षमतेने चालली तर वर्षाला सुमारे दीडशे कोटी युनिट देते, म्हणजे या निधीत वर्षाला तीन कोटी रुपये. चाळीस वर्षांत, व्याज सोडून, सव्वाशे कोटी. ते पुरतील का, हे कसून तपासायची वेळ अजून आलेली नाही, कारण भारतात वीज देणारी एकही भट्टी आजवर पूर्णपणे मोडीत काढलेली नाही. रावतभाट्याची पहिली भट्टी 2004 पासून थंड पडून आहे. तारापूरच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवली गेली. त्या मच्छीमार आणि शेतकरी कुटुंबांना आपल्या पुनर्वसनासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. तोही खर्चच होता, फक्त तो सरकारच्या वहीत न लिहिता त्यांच्या माथी मारला गेला.

कोळशाच्या बाबतीत तिसरे खाते काढून पाहण्याचा प्रयत्न देशाने एकदा केला, आणि विदर्भाने त्याच्याकडे बारकाईने पाहायला हवे. 2010 च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला. पैसा राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधीत जाणार होता. उपकर 2014 मध्ये 100, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400 रुपयांवर गेला. कल्पना उत्तम होती: जो घाण करतो त्याच्याकडून स्वच्छतेचा पैसा. 2010-11 ते 2017-18 या काळात सुमारे 86,440 कोटी रुपये गोळा झाले. त्यातले निधीकडे गेले सुमारे 29,650 कोटी. प्रकल्पांवर प्रत्यक्ष खर्च झाले सुमारे 15,900 कोटी. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि टनाचे ते 400 रुपये राज्यांच्या महसुली भरपाईकडे वळवण्यात आले. सप्टेंबर 2025 मध्ये ही भरपाईची आकारणीही संपली.

दरम्यान विदर्भात काय होत होते? जुलै 2022 च्या पावसात नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राचा खसाळ्याचा राखड बंधारा फुटला आणि राखडीचा लोंढा शेतांतून कोलार आणि कन्हान नद्यांत उतरला. कन्हान पुढे भंडारा जिल्ह्यात वैनगंगेला मिळते आणि तेच पाणी गोसीखुर्दच्या जलाशयात साठते. टनामागे 400 रुपये ज्या कामासाठी घेतले गेले, ते काम नेमके अशी घाण आवरण्याचे होते.

2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने छोट्या अणुभट्ट्यांसाठी 20,000 कोटींची योजना जाहीर केली आणि 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुविजेचे लक्ष्य ठेवले. आजच्या क्षमतेच्या अकरा-बारा पट. देशाला कोळशापासून सुटका हवी आहे आणि त्यासाठी अणुवीज लागेल, असे मला वाटते. म्हणूनच या वेळी हिशेब आधी मागायला हवा. भंडारा-गोंदियाच्या खासदारांनी, आणि जिथे अणुवीज केंद्र आहे किंवा व्हायचे आहे त्या पालघर व रत्नागिरीच्याही, लोकसभेत दोन साधे प्रश्न लेखी विचारावेत. युनिटमागे दोन पैसे हा दर कोणत्या हिशेबावर ठरला आणि त्या निधीत आज किती रक्कम आहे? आणि कोळशाच्या उपकराचे जे सत्तर हजार कोटी स्वच्छतेच्या कामावर लागले नाहीत, त्यांतले विदर्भातल्या राखड बंधाऱ्यांसाठी किती परत येणार? उत्तर आले की ते छापून गावागावांत वाचले जावे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्यांना आपणही हेच विचारावे.